परका पाहुणा आणि पाळीव प्राणी : बालकांच्या विनोदी कार्टून मालिका, महाराष्ट्रातील ॲनिमेशनचा इतिहास आणि मराठी भाषेचे स्थान

प्रस्तावना :

बालकांचे मनोरंजन हा विषय मराठी इतिहासलेखनात आजवर दुय्यम मानला गेला आहे. राजकीय घडामोडी, धर्मसुधारणा, शेती, जातिव्यवस्था आणि कामगार चळवळ यांचा इतिहास आपण विपुल लिहिला. परंतु मूल कशाला हसते, कोणत्या भाषेत हसते आणि त्याच्या हसण्याची साधने कोठे तयार होतात, या प्रश्नांकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. गेल्या तीस वर्षांत दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्टून मालिका ही महाराष्ट्रातील बालकांच्या दैनंदिन जीवनातील एक स्थिर बाब झाली आहे. मुंबई-पुण्यासारख्या महानगरांपुरती ही गोष्ट मर्यादित राहिलेली नाही. रायगड जिल्ह्यातील तळ्यासारख्या, डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये वसलेल्या तालुक्याच्या गावातही छपरावरच्या तबकडीने आणि पुढे हातातील मोबाईल संचाने हीच मालिका घरात आणली.

या मालिकांमध्ये एक कथाबीज पुनःपुन्हा आढळते. एक साधे कुटुंब असते, त्यात एक मूल असते आणि त्या घरात कोणी परका येऊन राहतो. तो कधी परग्रहवासी असतो, कधी यंत्रमानव, तर कधी माणसासारखा वागणारा पाळीव प्राणी. त्याला घरातील रीतभात ठाऊक नसते आणि त्यातूनच विनोद निर्माण होतो. प्रस्तुत शोधनिबंधात या कथाबीजाचे स्वरूप, महाराष्ट्रातील ॲनिमेशन व्यवसायाची वाटचाल आणि त्या वाटचालीत मराठी भाषेला मिळालेले स्थान यांचा परस्परसंबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

संशोधनाची उद्दिष्टे :

१. 'परका पाहुणा आणि मूल' या कथाबीजाचे विनोदनिर्मितीतील कार्य स्पष्ट करणे.
२. इ. स. १९१५ पासून महाराष्ट्रात झालेल्या ॲनिमेशन निर्मितीचा संक्षिप्त आढावा घेणे.
३. ॲनिमेशनचे केंद्र महाराष्ट्रात असूनही मराठी विनोदी कार्टून मालिकेची परंपरा का निर्माण झाली नाही, याची कारणमीमांसा करणे.

गृहीतक :

महाराष्ट्रात ॲनिमेशनचे तंत्र, कलावंत आणि बालविनोदाची वाङ्मयीन परंपरा या तिन्ही गोष्टी उपलब्ध होत्या. मराठी मालिकेच्या अभावाचे कारण प्रतिभेच्या अभावात नसून प्रसारणाच्या अर्थव्यवस्थेत आणि सार्वजनिक धोरणाच्या उणिवेत आहे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत लेखनासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून आवश्यक तेथे तुलनात्मक विवेचन केले आहे.

१. कथाबीजाचे स्वरूप :

अमेरिकन निर्मात्यांची 'पेट एलियन' ही मालिका २००५ मध्ये प्रसारित होऊ लागली. समुद्रकाठच्या एका गावातील दीपगृहात टॉमी नावाचा मुलगा राहतो आणि त्याच्याकडे परग्रहावरून आलेले पाच जण मुक्कामाला येतात. त्यांतील एक तर कुत्र्यासारखा, पाळीव प्राण्याप्रमाणे वावरणारा आहे. त्यापूर्वी २००२ मध्ये डिस्नेच्या 'लिलो अँड स्टिच' या चित्रपटात हवाई बेटावरील एक लहान मुलगी प्राण्यांच्या निवाऱ्यातून कुत्रा समजून परग्रहवासीच घरी आणते. या चित्रपटावरून पुढे दूरचित्रवाणी मालिकाही निघाली. त्याही आधी, १९६९ च्या अखेरीस जपानमध्ये प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'डोरेमॉन' या चित्रकथेत भविष्यकाळातून आलेला यंत्रमांजर नोबिता नावाच्या शाळकरी मुलाच्या घरी राहू लागतो. हा डोरेमॉन एकाच वेळी पाळीव प्राणी आहे, यंत्र आहे आणि परकाही आहे.

या कथांमध्ये पाळीव प्राणी आणि परग्रहवासी ही दोन पात्रे एकमेकांच्या इतकी जवळ का येतात, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. दोघेही घरात राहतात, पण घराच्या नियमांचे पूर्ण सभासद नसतात. दोघांच्याही चुका क्षम्य असतात. मांजराने दूध सांडले तर त्याला नैतिक दोष दिला जात नाही, तसेच परग्रहवासीयाने शेजाऱ्याच्या बागेत उच्छाद मांडला तर त्याचा अडाणीपणा हेच त्याचे समर्थन ठरते. याचा लाभ मुलाला मिळतो. एरवी घरात सर्वांत लहान, सर्वांकडून शिकणारे आणि बोलणी खाणारे मूल या पाहुण्याच्या बाबतीत पालक आणि शिक्षक बनते. मोठ्यांचे जे नियम त्याला स्वतःला पुरते पटलेले नसतात, तेच त्याला पाहुण्याला समजावून सांगावे लागतात आणि सांगता सांगता त्या नियमांमधील विसंगती उघडी पडते. बालप्रेक्षकाचे हसू येथे उमटते.

या विनोदाचा मोठा भाग भाषेवर उभा असतो, ही बाब प्रस्तुत विवेचनात विशेष महत्त्वाची आहे. पाहुणा शब्दाचा वाच्यार्थ घेतो, वाक्प्रचार त्याला कळत नाही, नात्याची नावे तो भलत्यालाच लावतो. मराठीत विचार केला तर 'डोके खाऊ नकोस', 'जीव टांगणीला लागला' किंवा 'पोटात कावळे ओरडताहेत' ही वाक्ये परग्रहवासीयाने शब्दशः घेतली तर काय होईल, याची कल्पना कोणीही करू शकेल. 'काका', 'मामा' आणि 'आत्याचे यजमान' यांतील भेद त्याला समजावून सांगणे हा तर एका संपूर्ण भागाचा विषय होईल. असा विनोद एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेता येत नाही. तो त्या त्या भाषेतच रचावा लागतो.

२. किनाऱ्यावरील परके आणि त्यांची मराठी :

रायगडचा किनारा परक्यांना नवा नाही. तळ्याजवळची कुडे येथील बौद्ध लेणी आणि राजपुरीची खाडी या प्रदेशाच्या प्राचीन व्यापारी संबंधांची साक्ष देतात. आफ्रिकी वंशाच्या सिद्दींनी मुरूड-जंजिरा येथे राज्य केले आणि ते संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत टिकले. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आलेल्या ज्यू पूर्वजांची कथा बेने इस्राएल समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपली. हा समाज तेल गाळण्याचा व्यवसाय करू लागला आणि शनिवारी घाणा बंद ठेवत असल्याने 'शनवार तेली' या नावाने ओळखला जाऊ लागला. मराठी ही त्यांची मातृभाषा झाली. एकोणिसाव्या शतकात त्यांनी आपल्या धर्मकथांवर मराठीतून कीर्तनेही केली.

बेने इस्राएल समाजाच्या या इतिहासात परक्याने किनाऱ्याची भाषा आत्मसात केली आणि त्या भाषेत आपली भर घातली. दोहोंची देवाणघेवाण झाली. गेल्या तीन दशकांत पडद्यावरून घरात आलेल्या परक्याच्या बाबतीत मात्र असे घडले नाही. जपानी यंत्रमांजर, अमेरिकन परग्रहवासी आणि अगदी मुंबईत रेखाटलेले बोके हे सर्व कोकणातील मुलाशी प्रामुख्याने हिंदीतून बोलले. त्यांची भाषा मुलांनी शिकली, त्यांनी मुलांची शिकली नाही. हा बदल कसा झाला हे पाहण्यासाठी प्रथम मराठीतील बालविनोदाची आणि नंतर ॲनिमेशनची परंपरा पाहणे आवश्यक आहे.

३. मराठीतील बालविनोद आणि अद्भुत :

मराठी वाङ्मयात पाळीव प्राणी आणि परका पाहुणा या दोन्ही विषयांचे उत्तम नमुने आहेत. पु. ल. देशपांडे यांचे 'पाळीव प्राणी' हे विनोदी लेखन आणि त्याचे सादरीकरण मराठी माणसाला पाठ असल्यासारखे आहे. त्यातील विनोदाचा रोख प्राण्यांपेक्षा त्यांना पाळणाऱ्या माणसांवर अधिक आहे आणि मध्यमवर्गीय शिष्टाचाराची त्यात चांगलीच फिरकी घेतली आहे. बालरंगभूमीवर सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये 'लिटल थिएटर'ची स्थापना केली. रत्नाकर मतकरी यांची 'अलबत्या गलबत्या' आणि 'निम्मा शिम्मा राक्षस' यांसारखी नाटके चेटकीण आणि राक्षस यांना मुलांच्या हसण्याच्या कक्षेत घेऊन आली. 'अलबत्या गलबत्या' या नाटकाचे प्रयोग २०१८ पासून नव्या संचात पुन्हा गर्दी खेचू लागले, ही गोष्ट अद्भुतरम्य मराठी बालविनोदाला प्रेक्षक नाही या समजाला छेद देणारी आहे.

विज्ञानकथेच्या क्षेत्रात भा. रा. भागवत यांनी ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स यांना मराठी मुलांपर्यंत पोहोचविले. त्यांचा 'फास्टर फेणे' १९८० च्या दशकात दूरदर्शनवर आणि २०१७ मध्ये चित्रपटात अवतरला. डॉ. जयंत नारळीकर यांच्या 'प्रेषित' या कादंबरीचा नायक परग्रहावरून पृथ्वीवर आलेला आणि माणसांच्या घरात वाढलेला बालक आहे. म्हणजे या निबंधातील कथाबीज मराठीत गंभीर स्वरूपात यापूर्वीच रुजले होते. १९९१ मध्ये 'सकाळ' दैनिकात चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या 'चिंटू'ने प्रवेश केला आणि तीन-चार चौकटींच्या चित्रमालिकेतून मराठी घरातील मुलाचे विश्व रोज उभे केले. चिंटूवर २०१२ मध्ये चित्रपट निघाला, परंतु त्यात हाडामांसाची मुले होती. मुळात रेषेतून जन्मलेल्या या मुलालाही मोठा पडदा मिळाला तो रेषेच्या बाहेर येऊन, हे लक्षणीय आहे.

याचा अर्थ असा की, विनोदाची रीत, अद्भुताची ओढ आणि रेखाटलेले लोकप्रिय पात्र हे तिन्ही घटक मराठीत सिद्ध होते. उणीव होती ती या घटकांना एकत्र आणून आठवड्यामागून आठवडे चालणारी मालिका उभी करणाऱ्या यंत्रणेची.

४. ॲनिमेशनची कार्यशाळा : १९१५ ते १९९२

भारतीय ॲनिमेशनचा आरंभ मराठी नावाने होतो. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट तयार केला. काड्या थोड्या थोड्या हलवून प्रत्येक वेळी एकेक चौकट टिपण्याची ही पद्धत होती. त्याआधी रोपट्याच्या वाढीचे चित्रीकरण त्यांनी याच चिकाटीने केले होते. १९३४ मध्ये पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने 'जंबूकाका' हा ॲनिमेशन लघुपट काढला. जंबूक म्हणजे कोल्हा, आणि त्याला 'काका' म्हणणे ही खास मराठी घरगुती खोड आहे. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचा 'द पी ब्रदर्स' हाही याच वर्षीचा. भारतीय ॲनिमेशनच्या या पहाटेच मराठी माणसाने परक्या प्राण्याला नात्यातील शब्द देऊन घरात घेतले होते, ही बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने बोलकी आहे.

स्वातंत्र्यानंतर या कलेला सरकारी आश्रय मिळाला. १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला. डिस्नेमधील अनुभवी कलावंत क्लेअर वीक्स यांनी तेथील तरुणांना प्रशिक्षण दिले आणि जातककथेवरील 'द बनियन डिअर' (१९५७) हा चित्रपट त्यातून साकारला. राम मोहन (१९३१-२०१९) यांची कारकीर्द याच विभागात सुरू झाली. पुढे १९७४ मध्ये विजया मुळे यांच्या संकल्पनेतून 'एक, अनेक और एकता' हा लघुपट तयार झाला आणि दूरदर्शनच्या माध्यमातून तो एका संपूर्ण पिढीच्या स्मरणात राहिला. १९८६ मध्ये दूरदर्शनवर आलेली सुद्धसत्त्व बसू यांची 'गायब आया' ही भारतीय दूरचित्रवाणीवरील पहिली ॲनिमेशन मालिका मानली जाते. तिचा नायक मुलांना मदत करणारे भूत होते. परक्या पाहुण्याचेच हे देशी रूप म्हणता येईल.

१९९० च्या दशकात युनिसेफने दक्षिण आशियातील मुलींच्या शिक्षणासाठी 'मीना' ही ॲनिमेशन मालिका तयार केली. मीनाचे रूप राम मोहन यांनी घडविले. मीनाचा मिठू नावाचा पोपट हा त्या मालिकेतील विनोदाचा मुख्य आधार होता. गंभीर संदेश मिठूच्या चेष्टेतून सांगितला जाई. ही मालिका आरंभापासूनच अनेक भाषांसाठी योजलेली होती. सार्वजनिक हेतू आणि भाषिक वैविध्य यांचा मेळ घालणे शक्य आहे, हे मुंबईशी संबंधित अशा या प्रकल्पाने दाखवून दिले. मात्र या काळातील बहुतेक सर्व सरकारी निर्मिती देशव्यापी प्रसारणासाठी असल्याने तिची मूळ भाषा हिंदी किंवा इंग्रजी राहिली.

५. उपग्रह वाहिन्या आणि मुंबईतील निर्मितीगृहे : १९९५ नंतर

१९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आले. आरंभी त्यावरील मालिका इंग्रजीत होत्या आणि दशकाच्या अखेरीस हिंदी भाषांतर रूढ झाले. १९९९ मध्ये निकलोडियन, २००४ मध्ये पोगो, हंगामा टीव्ही आणि डिस्ने या वाहिन्या सुरू झाल्या. २००५ च्या सुमारास हंगामावर 'डोरेमॉन' आणि त्यापाठोपाठ 'शिनचॅन' आले. 'शिनचॅन'मधील मुलाच्या उद्धट बोलण्यावर पालकांनी आक्षेप घेतला. २००८ मध्ये तिचे प्रसारण थांबले आणि पुढे काटछाट करून ती परतली. या वादात चर्चा झाली ती मुलाच्या वर्तनाची. तो ज्या भाषेत उद्धटपणे बोलत होता, ती भाषा महाराष्ट्रातील असंख्य बालप्रेक्षकांची मातृभाषा नव्हती, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

याच काळात मुंबई ही जगाच्या ॲनिमेशन व्यवसायाची कार्यशाळा बनत होती. मुंबईच्या क्रेस्ट कंपनीने अमेरिकेतील माइक यंग प्रॉडक्शन्स या संस्थेबरोबर 'जेकर्स' (२००३) या मालिकेचे काम केले. 'पेट एलियन' ही मालिका याच अमेरिकन संस्थेची. क्रेस्टने पुढे 'अल्फा अँड ओमेगा' (२०१०) हा त्रिमितीय चित्रपट अमेरिकेतील लायन्सगेटबरोबर केला. व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके यांच्या 'हनुमान' (२००५) या चित्रपटाच्या यशाने देशी विषयांना बाजारपेठ असल्याचे सिद्ध केले आणि २००८ मध्ये हैदराबादच्या 'छोटा भीम'ने ते दूरचित्रवाणीवर पक्के केले. २०१२ मध्ये मुंबईच्या कॉसमॉस-माया या संस्थेची 'मोटू पतलू' ही मालिका निकवर सुरू झाली. तिचे दिग्दर्शक सुहास कडव. २०१७ मध्ये याच संस्थेची 'हनी बनी का झोलमाल' ही मालिका सोनी येय वाहिनीवर आली. हनी आणि बनी हे दोन बोके, जोरदार नावाचा कुत्रा आणि पोपट असे पाळीव प्राण्यांचे हे कुटुंब आहे आणि घराच्या मालकीणबाईंचे नाव आहे मिस कटकर.

हे आडनाव येथे मुद्दाम नोंदविले आहे. आडनाव मराठी, निर्मिती मुंबईची, तेथील कलावंतांमध्ये मराठी मंडळी आणि तरीही त्या घरात मराठी बोलली जात नाही. महाराष्ट्रातील ॲनिमेशनची अवस्था या एका तपशिलात दिसते. वैभव कुमारेश यांच्या मुंबईतील निर्मितीगृहाची 'लॅम्पुट' ही मालिका मात्र वेगळ्या वाटेने गेली. प्रयोगशाळेतून निसटलेला आणि वाटेल ते रूप घेणारा नारिंगी जीव आणि त्याचा पाठलाग करणारे दोन डॉक्टर यांची ही कथा संवादाविना सांगितली जाते. त्यामुळे तिला भाषेची सीमा आड येत नाही. हा मार्ग कलात्मकदृष्ट्या श्रेष्ठ आहे, परंतु मराठीच्या प्रश्नाचे उत्तर त्यात मिळत नाही.

६. मराठी मालिकेच्या अभावाची कारणमीमांसा :

मराठी प्रेक्षकसंख्या अपुरी होती, असे कारण पुढे केले जाऊ शकते. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या सुमारे ८.३ कोटी आहे. हिंदी आणि बंगाली यांच्यानंतर तिसरा क्रमांक मराठीचा लागतो. तेलुगू भाषक सुमारे ८.१ कोटी, तमिळ ६.९ कोटी, कन्नड ४.४ कोटी आणि मल्याळम ३.५ कोटी आहेत. असे असूनही सन समूहाने तमिळमध्ये चुट्टी टीव्ही (२००७), तेलुगूमध्ये खुशी टीव्ही (२००९), कन्नडमध्ये चिंटू टीव्ही (२००९) आणि मल्याळममध्ये कोचू टीव्ही (२०११) या स्वतंत्र बालवाहिन्या सुरू केल्या. डिस्नेने २००४ मध्ये भारतात प्रवेश करतानाच हिंदीबरोबर तमिळ आणि तेलुगू ध्वनिमार्ग दिले. मराठीच्या निम्म्याहून कमी भाषक असलेल्या मल्याळमला स्वतंत्र बालवाहिनी मिळाली आणि मराठीला मिळाली नाही. तेव्हा संख्येचे कारण टिकत नाही.

दुसरे कारण खर्चाचे. ॲनिमेशन महाग असते हे खरे आहे. दूरचित्रवाणीसाठी सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर ११ मिनिटांच्या एका भागासाठी १६,५०० चौकटी लागतात. प्रत्येक चित्र दोन चौकटींसाठी वापरले तरी ८,२५० चित्रांची गरज भासते. परंतु हा खर्च चित्रांचा आहे. एकदा तयार झालेल्या भागाला दुसऱ्या भाषेचा आवाज देण्यासाठी अनुवादक, काही स्वरकलावंत आणि ध्वनिमुद्रणाची सोय एवढेच पुरते आणि या तिन्ही गोष्टी मुंबईत मुबलक होत्या. त्यामुळे निदान भाषांतरित मराठी मालिकांच्या बाबतीत खर्चाची सबब लागू पडत नाही.

खरे कारण वेगळे आहे. मराठी प्रेक्षकाला हिंदी कळते, हे वाहिन्यांनी गृहीत धरले आणि ते चुकीचे नव्हते. तमिळनाडूत हिंदी ध्वनिमार्गाने प्रेक्षक मिळाला नसता, म्हणून तमिळ ध्वनिमार्ग व्यापारी गरज बनला. महाराष्ट्रात तो केवळ जादा खर्च ठरला. हिंदी समजण्याची मराठी माणसाची तयारी हीच बाजारपेठेत मराठीच्या विरुद्ध गेली. १९९९ आणि २००० मध्ये अनुक्रमे अल्फा मराठी आणि ई-टीव्ही मराठी या वाहिन्या सुरू झाल्या. त्यांनी मराठी मालिकांना मोठा आधार दिला, परंतु त्यांचा भर प्रौढ कौटुंबिक प्रेक्षकावर होता. मूल हा स्वतंत्र मराठी प्रेक्षक आहे, ही जाणीव तेथेही रुजली नाही. अलीकडच्या वर्षांत काही बालवाहिन्यांनी मराठी ध्वनिमार्ग उपलब्ध करून दिला, ही स्वागतार्ह बाब आहे. तथापि हा अनुवादित आवाज आहे. मराठी वाक्प्रचारावर बेतलेला, मराठी नातेसंबंधांतून फुललेला विनोद मूळ संहितेतच असावा लागतो.

चौथे कारण सार्वजनिक धोरणाशी संबंधित आहे. मुद्रित माध्यमात महाराष्ट्राने बाजारपेठेवर विसंबून न राहता संस्था उभ्या केल्या. १९६७ मध्ये 'बालभारती'ची स्थापना झाली आणि १९७१ मध्ये 'किशोर' मासिक सुरू झाले. अल्प किमतीत दर्जेदार चित्रे आणि लेखन गावोगावच्या शाळांपर्यंत पोहोचले. मराठीतील अनेक मान्यवर लेखक आणि चित्रकार 'किशोर'साठी काम करीत आले. दृक्‌श्राव्य माध्यमात अशी संस्था निर्माण झाली नाही. केंद्र सरकारची बालचित्र समिती १९५५ पासून कार्यरत होती आणि फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग मुंबईतच होता. २०२२ मध्ये या दोन्ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाल्या. म्हणजे ज्या सार्वजनिक व्यवस्थेतून या कलेचे पहिले शिक्षण मुंबईत झाले, ती स्वतंत्र रूपात आता अस्तित्वात नाही आणि राज्याने तिची जागा घेतलेली नाही.

७. प्रश्नाचे महत्त्व :

मुले हिंदी कार्टून पाहून हिंदी शिकतात, त्यात वाईट काय, असा आक्षेप येथे घेतला जाऊ शकतो. आक्षेप रास्त आहे. दुसरी भाषा खेळीमेळीत येणे हा लाभच आहे आणि प्रस्तुत निबंधाची भूमिका कोणत्याही भाषेच्या विरोधाची नाही. मराठीने स्वतः फारसी, कानडी, पोर्तुगीज आणि इंग्रजीतून शब्द घेतले आहेत. प्रश्न मराठीला काय मिळाले नाही याचा आहे.

२०२५ साली इयत्ता पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकविण्याबाबतचे शासन निर्णय तीव्र विरोधानंतर जून महिन्यात रद्द झाले. शाळेतील तासिकेवर इतका मोठा सार्वजनिक वाद झाला. परंतु शाळेत पाऊल ठेवण्यापूर्वीच्या वयात, रोज, हसत-खेळत दिल्या जाणाऱ्या भाषाशिक्षणावर गेल्या पंचवीस वर्षांत असा वाद कधी झाला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अभिजातता प्राचीन लेखांनी आणि ग्रंथांनी सिद्ध होते. भाषेचे पुढचे आयुष्य मात्र लहान मुलांच्या तोंडी असते. ज्या भाषेत मूल रागावणे ऐकते, गृहपाठ करते आणि परीक्षा देते, पण मनसोक्त हसण्यासाठी जिला सोडून दुसऱ्या भाषेकडे वळते, ती भाषा त्याच्या लेखी कर्तव्याची भाषा बनत जाते. बालविनोदाच्या अभावाचे खरे नुकसान हे आहे.

कोकणातील मुलाच्या बाबतीत या नुकसानीला आणखी एक पदर आहे. तळा, म्हसळा, मुरूड या भागांतील घरांत बोलली जाणारी मराठी पाठ्यपुस्तकातील मराठीपेक्षा वेगळी आहे. आगरी आणि कोळी समाजाच्या बोली, तसेच कोकणी मुसलमानांची बोली ही स्वतंत्र विनोदाची भांडारे आहेत. प्रमाण मराठीलाही जेथे पडद्यावर जागा मिळाली नाही, तेथे या बोलींचा विचार होणे दूरच राहिले. परग्रहवासी तळ्याच्या बाजारात उतरला असता तर त्याला एकाच दिवसात चार प्रकारची मराठी ऐकावी लागली असती. अशा प्रसंगातील विनोदाची शक्यता अद्याप कोणी अजमावलेली नाही.

निष्कर्ष :

१. पाळीव प्राणी किंवा परग्रहवासी घरात येऊन राहण्याच्या कथाबीजात मुलाला शिक्षकाची भूमिका मिळते आणि मोठ्यांच्या नियमांतील विसंगती विनोदातून उघड होते. या विनोदाचा पाया भाषिक असल्याने तो मूळ भाषेतच रचला जाणे आवश्यक ठरते.
२. 'आगकाड्यांची मौज'पासून 'हनी बनी'पर्यंत महाराष्ट्र हे भारतीय ॲनिमेशनचे एक प्रमुख निर्मितीकेंद्र राहिले. मात्र मराठी ही त्या निर्मितीची भाषा क्वचितच झाली.
३. प्रेक्षकसंख्या किंवा भाषांतराचा खर्च ही मराठीच्या अभावाची पुरेशी कारणे नाहीत. मराठी प्रेक्षकाचे हिंदीचे ज्ञान आणि सार्वजनिक संस्थेचा अभाव ही त्याची प्रमुख कारणे होत. त्यामुळे आरंभी मांडलेले गृहीतक सिद्ध होते.
४. मुद्रित माध्यमात 'बालभारती' आणि 'किशोर' यांनी जे साधले, ते दृक्‌श्राव्य माध्यमातही साधता येण्याजोगे आहे.

सूचना :

राज्य मराठी विकास संस्था आणि 'बालभारती' यांनी एकत्र येऊन मूळ मराठी संहितांवर आधारित लघु ॲनिमेशन मालिकांचा उपक्रम हाती घ्यावा. 'किशोर'च्या जुन्या अंकांतील कथा आणि चित्रे हे त्यासाठी उत्तम साहित्य ठरेल. ग्रामीण महाविद्यालयांतील मराठी आणि इतिहास विभागांनी आपापल्या परिसरातील बोली, म्हणी, बालगीते आणि प्राणिकथा यांचे ध्वनिमुद्रित संकलन करावे. पटकथाकाराला लागणारी सामग्री शेवटी अशाच संकलनांतून मिळते. हे काम मोठ्या निधीचे नाही. एक साधे ध्वनिमुद्रण यंत्र, विद्यार्थ्यांचा गट आणि एका सत्राचा वेळ एवढ्यावर त्याचा आरंभ होऊ शकतो, आणि तो तळ्यासारख्या ठिकाणी होणे अधिक उचित ठरेल.